भरमूच्या रानात इमान

विमान या विषयात खानापूर तालुक्यात माझा हात धरणारा माणूस नाही! गर्वाने सांगत नाही, खरं तेच सांगतो. एकोणीसशे अडतीस साली तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी विमान पाहिलंच नव्हतं, आणि उरलेल्यांनी पाहिलं होतं ते घारीएवढं. मी तरी कुठे जवळून पाहिलं होतं? पण कडोलीचा माझा एक मित्र जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे पाठवायचा, त्यातली विमानाची प्रत्येक बातमी कापून मी वहीत चिकटवायचो. शाळेत पुठ्ठ्याचं विमान करून आढ्याला टांगलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘हा मासा कशासाठी?’ असं विचारलं, ही गोष्ट वेगळी!

मी सुबराव मास्तर. खानापुरापासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात शाळा एक, खोली एक आणि मास्तर एक. घरात माझी थोरली बहीण गुणाबाई. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी आली. पहिली दोन वर्षं गोठ्यातल्या म्हशीशिवाय कुणाशी बोलली नाही. मग एके दिवशी मी पोरांच्या पाट्या तपासत बसलो असताना मागून म्हणाली, “सुबा, ह्यो हिशोब चुकलाय.” बघतो तर खरंच चुकला होता! आणि तो पोराने नव्हे, मी घातलेला होता! त्याच दिवसापासून मी तिला शिकवायला घेतलं. पाच वर्षं. गावाने तोंडं वाकडी केली, पण आक्का पुस्तकं खात सुटली.

आणि अखेर बेळगावातून पत्र आलं. मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी निवड-परीक्षा, शनिवारी दुपारी दोन वाजता. उशिरा येणाऱ्यास आत घेतलं जाणार नाही. वयाची अट अशी, की आक्काला ही पहिली संधी आणि तीच शेवटची.

मी छाती पुढे काढून म्हणालो, “आक्का, तू फक्त पेपर लिही. तुला बेळगावात पोचवायची जबाबदारी माझी!”

बेत पक्का होता. नऊची आगगाडी. पहाटेच गावातल्या भरमूची बैलगाडी जुंपायची, सात वाजता गाव सोडायचं, पावणेनऊला खानापूर स्टेशन. मोटार फक्त बाजारच्या दिवशी, दुसरी आगगाडी संध्याकाळी. म्हणजे चुकायला वावच नाही! ट्रंकेत मी पाच वर्षांची पुस्तकं भरली, नकाशा घेतला, पाण्याची कळशी घेतली, वाटेत खायला लाडू घेतले. आक्का म्हणाली, “परीक्षेला चाललोय का नांदायला?”

कार्तिक संपत आला होता. धुकं असं दाट, की बैलांची शिंगं दिसत होती पण बैल दिसत नव्हते. गाव मागे टाकून हाकेच्या अंतरावर भरमूच्या रानापाशी आलो. भात कापून झालं होतं आणि त्याच ओलीवर पेरलेली मसूर वीतभर वर आली होती. सूर्य वर आला, धुकं फाटलं आणि ते हिरवंगार रान गालिच्यासारखं पसरलेलं दिसलं.

तेवढ्यात कानावर आवाज आला. घर्रर्रर्र!

“भातगिरण लागली जणू,” भरमू म्हणाला.

“गिरण कसली! विमान आहे विमान!” मी गाडीतून उडीच मारली.

आणि आलं की हो! दोन मजली पंखांचं, पिवळंधमक, आमच्या डोक्यावरून! चाकं दिसली, दोऱ्या दिसल्या, आत बसलेल्या माणसाचा चष्मासुद्धा दिसला! मला काय झालं कोण जाणे. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि शेताच्या बांधावर उभा राहून गरागरा फिरवायला लागलो. विमानाने एक घिरटी घेतली. मला वाटलं, आपल्याला रामराम करतंय. मी आणखी जोरात उपरणं हलवलं. दुसरी घिरटी! मी आनंदाने दोन्ही हात रानाकडे पसरले. या, या, या!

तिसऱ्या घिरटीला ते खाली आलं.

उतरलं मात्र देखणं! नाक वर, शेपूट खाली, अगदी सावकाश, अंड्यावर कोंबडी बसावी तसं. चाकं मसुरीला लागली. वीसेक पावलं गेलं आणि खालच्या ओलीत चाकं रुतली. शेपूट वर उचललं गेलं, विमानाने जमिनीला वाकून नमस्कार घातला, क्षणभर तसंच राहिलं आणि धप्पकन मागे बसलं.

त्याच क्षणी बैलांनी गळ्यातली जोती तोडली! शेपट्या वर करून जे जंगलाकडे सुटले ते दिसेनासेच झाले. बैल गेल्यावर गाडी पुढे कलंडली आणि आक्का, ट्रंक, कळशी आणि लाडू अशी सगळी मंडळी घसरगुंडीवरून यावीत तशी रस्त्यावर आली!

विमानातून एक पंचविशीचा तरुण उतरला. चामड्याचा कोट, गुडघ्यापर्यंत बूट. दुसऱ्या पावलाला एक बूट चिखलात राहिला. तो तसाच लंगडत माझ्याकडे आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले.

“लई उपकार झाले बघा तुमचे! मी अप्पासाहेब, निपाणीचा. आमचा तंबाखूचा व्यापार आहे. बेळगावच्या बाहेर माळावर उतरायचं होतं, पण धुक्यात वाट चुकलो. इकडे आलो तर तुम्ही खूण करताना दिसलात. म्हटलं, कुणीतरी जाणकार दिसतोय. ‘इथं जमीन घट्ट आहे, उतरा’ असंच सांगत होता न्हवं?”

मी छाती जराशी पुढे काढली.

मागून आक्का पदर झटकत आली. “कसला जाणकार! त्यो नुस्ता नाचत हुता!”

अप्पासाहेबांनी माझे हात सोडले.

भरमू बैलांमागे पळाला. मी आक्काला म्हणालो, “पाच मिनिटांत बैल येतील.” पाच मिनिटं झाली. “आता येतीलच.” आणखी पाच झाली. खरं तर तेव्हाच चालायला लागलो असतो तरी गाडी मिळाली असती. पण पुढ्यात साक्षात विमान! मी पंखाला हात लावून बघत होतो, दोऱ्या मोजत होतो, अप्पासाहेबांना प्रश्न विचारत होतो. अर्ध्या तासाने भरमू एकटाच हात हलवत आला. तीन कोस चालायला पावणेदोन तास. गाडी सुटायला उरला होता दीड तास.

आक्का बांधावर जाऊन बसली आणि परीक्षेचं पत्र उलगडून परत वाचायला लागली. ती ओरडली असती तर परवडलं असतं हो! ती शेवटपर्यंत वाचायची आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची.

मी अप्पासाहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी आक्काकडे बघितलं, मग विमानाकडे.

“पुढं एक माणूस बसायची जागा आहे,” ते म्हणाले. “पेट्रोलही बेळगावपुरतं आहे. इथून पंधरा मिनिटांचं काम. पण मास्तर, हे उठलं पाहिजे! मऊ जमिनीत चाकं सगळा वेग खातात. रान आखूड. आणि समोर ती आंब्याची झाडं. वेग न मिळता तिथवर गेलो तर आंब्यावर जाऊन बसू.”

“काळजी सोडा!” मी म्हणालो. माझ्यातला जाणकार अजून जिवंत होता!

एव्हाना सगळं गाव जमलं होतं. मी हुकूम सोडला, चाकांखाली पिंजर पसरा! गावाने भाताची पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, आणून गुडघाभर अंथरली. अप्पासाहेब मान हलवत होते, पण मी त्यांना बोलूच दिलं नाही. शेवटी त्यांनी चाकांपुढे दगड लावले, हाताने पंखा फिरवला, आत चढून बसले, दगड काढायला लावले आणि जोर दिला. विमान जागचं तसूभर हललं नाही. पिंजर मात्र सगळी उडाली! धुरळा बसल्यावर बघतो तर मागे उभं असलेलं निम्मं गाव बुजगावण्यांसारखं दिसत होतं. एकाच्या मिशीत काड्या, दुसऱ्याच्या पटक्यात काड्या, आणि भरमू म्हणजे तर चालती गंजी!

“मास्तर,” भरमू तोंडातली काडी थुंकत म्हणाला, “रान माझं हाय. मला कुणी इचारलं का, घट्ट कुठं हाय त्ये?”

खरंच कुणी विचारलं नव्हतं!

“वरच्या अंगाला कड हाय. खालनं मुरूम हाय, नांगर बी चालत न्हाय तिथं. तीनशे पावलं सरळ हाय. फकस्त मधीच चाळीस पावलं वल हाय, झऱ्याची.”

अप्पासाहेब विमानातून उतरून धावतच वर गेले. पायाने दाबून पाहिलं, चिमूटभर माती उडवून वारा पाहिला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. “वारा समोरनं आहे, उतारही थोडा आहे. मधली चाळीस पावलं घट्ट झाली तर जमेल. पण ती घट्ट करायची कशी?”

मी वहीत काही सापडतंय का ते आठवत होतो. तेवढ्यात म्हातारी बायाक्का पुढे आली. तिच्याइतकं गुळगुळीत खळं आमच्या भागात कुणालाच करता येत नसे.

“तुमी शिकल्याली माणसं,” ती म्हणाली, “मळणीच्या खळ्यावर भाताचा दाणा सांडला तर सुई टोचून काढावा लागतोय का? वर दिसतोय न्हवं? मग तसंच चोपायचं की! वल असली तर आनखी बरं. चोपली की बसतीया.”

“किती वेळ लागंल?” अप्पासाहेबांनी विचारलं.

“खळं एकटी करते तर दोन दीस. सगळ्या बाया आल्या तर सूर्य डोक्यावर यायच्या आत.”

आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही! घराघरातून चोपणी आली. जमीन बडवायची ती लाकडी फळी हो, आपल्याकडे प्रत्येक घरात असते. चाळीस बाया दोन रांगांत बसल्या. पुढे बाप्ये टोपल्यांनी मुरूम आणून टाकत होते, मागून बाया चोपत होत्या. धप्! धप्! धप्! ज्या बायांनी पाच वर्षं आक्काच्या पाठीमागे ‘आता ह्या वयात अ आ इ’ म्हणून नाकं मुरडली होती, त्याच घामाघूम होऊन बडवत होत्या. आक्काही पदर खोचून त्यांच्यात जाऊन बसली. एकीने तिच्या हातातलं चोपणं काढून घेतलं.

“तू उठ गं. तुझ्या हाताला फोड आला तर लिवणार कशानं?”

आक्का उठली आणि बायांना पाणी देत फिरायला लागली.

इकडे आम्ही वीस जणांनी विमान ओढून वर नेलं. शेवटी अप्पासाहेबांनी चोपलेल्या जमिनीवर टाच आपटली. टण्! बायाक्का म्हणाली, “शेणानं सारवून दिऊ का?” अप्पासाहेबांनी हात जोडले. “नको आजी, घसरंल!” तरी तिने विमान उभं केलं होतं तिथल्या कडेला एक पट्टा सारवलाच. बिनसारवलेलं खळं पाहुण्याला द्यायचं म्हणजे तिला कसंतरीच वाटत होतं.

साडेबारा वाजले होते. आता वजनाचा प्रश्न. अप्पासाहेबांनी हत्यारांची पिशवी उतरवली, चामड्याचा कोट उतरवला, पायात उरलेला एक बूटसुद्धा उतरवला! मी ट्रंक घेऊन पुढे झालो.

“हे काय?”

“पुस्तकं. नकाशा. कळशी. थोडे लाडू.”

आक्काने ट्रंक माझ्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. फक्त पत्र आणि टाक कमरेला खोचला. “सुबा, पाच वर्सं शिकीवलंस ते डोस्क्यात हाय. त्याला वजन न्हाय.”

ती पुढच्या जागेत बसली. कमरेला पट्टा बांधला. चेहरा पांढराफटक पडला होता, पण हनुवटी वर होती.

“मास्तर, तुम्ही आणि आणखी पाच जण शेपूट धरा,” अप्पासाहेब म्हणाले. “इंजिन पुऱ्या जोराला येईस्तोवर विमान हलू द्यायचं न्हाई. म्हणजे सुटल्या सुटल्या वेग मिळतो. मी ओरडीन तेव्हा...” पुढचं मी ऐकलं नाही. कारण मी गावकऱ्यांकडे वळून शेपटाचं कार्य समजावून सांगायला सुरुवात केली होती!

इंजिन सुरू झालं. चाकांपुढचे दगड काढले. आवाज वाढत गेला. कानाचे पडदे फाटायची वेळ आली, धोतरं झेंड्यासारखी फडफडायला लागली, टोप्या तर केव्हाच पार नाल्यापलीकडे गेल्या! आम्ही सहा जण शेपूट धरून पाय रोवून उभे. तेवढ्यात अप्पासाहेब मागे वळून ओरडले.

“...ओडा!”

“काय म्हणालं?” भरमू माझ्या कानात किंचाळला.

“ओढा म्हणतायत! ओढा!” मी गरजलो.

आम्ही ओढलं. विमान पुढे जायला बघतंय, आम्ही मागे खेचतोय! अप्पासाहेब पुन्हा ओरडले, हातवारे करून. “...ओडा! ...ओडा!”

“आणखी जोरात म्हणतायत! लावा रं ताकद!”

कडेचे आणखी आठ जण धावत आले. कुणी माझ्या कमरेला धरलं, कुणी त्याच्या कमरेला. चौदा माणसं एका बाजूला आणि एक विमान दुसऱ्या बाजूला! विमान अर्धा हात मागे आलं तेव्हा लोकांनी ‘हर हर महादेव’ केला! अप्पासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. एवढं पेट्रोल जळत होतं आणि बेळगाव होतं तिथंच होतं.

तेवढ्यात पुढच्या जागेतून आक्काने मान वळवली. तिला आमचं काय चाललंय ते एका नजरेत कळलं. तिने दोन्ही हात वर केले, मुठी घट्ट आवळून मला दाखवल्या आणि मग दहाही बोटं फाडकन उघडली. वर एक असा डोळा वटारला, की लहानपणी तिची बाहुली विहिरीत टाकली होती तेव्हाही तसा वटारला नव्हता!

“सोडा!” माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. “अरे सोडा म्हणतायत! सोडा!”

सगळ्यांनी सोडलं. विमान तीरासारखं सुटलं आणि आम्ही चौदा जण मागच्या मागे एकावर एक कोसळलो. मी कडेला फेकला गेलो तो तोंडावर, बायाक्काच्या सारवलेल्या पट्ट्यात!

शेणाने भरलेल्या डोळ्यांनी मी वर बघितलं. विमान पळत होतं. शंभर पावलं. चोपलेली जागा आली. अप्पासाहेबांनी नाक जरा वर उचललं आणि चाकं त्या चाळीस पावलांवरून अशी गेली, जसा जात्यावरून हात फिरावा. जमीन दबली नाही! दोनशे पावलं. चाकं हलकी झाली, एकदा टेकली, परत उचलली. समोर आंबे. विमान वर, आणखी थोडं वर, आंब्याच्या शेंड्यांची पानं सळसळली, दोनचार तुटून खाली आली...

आणि ते पलीकडे गेलं! वर, निळ्या आभाळात, बेळगावच्या वाटेनं!

चाळीस बायांनी एकदम जो आवाज केला, तो ऐकून जंगलातले भरमूचे बैल आपणहून परत आले म्हणतात. बायाक्का डोळे पुसत म्हणाली, “माझ्या खळ्यावरनं गेली बघा पोर!” भरमू तुडवलेल्या मसुरीकडे बघत उभा होता. मी जवळ जाऊन म्हणालो, “भरमू, तुझं रान...” तो म्हणाला, “मसूर परत उगावतीया वो मास्तर. तुमी आदी तोंड धुवा.”

मी तोंड धुतलं, ट्रंक डोक्यावर घेतली आणि तीन कोस चालत संध्याकाळची गाडी गाठली. बेळगावात उतरून शहापुरात मावशीच्या घरी पोचलो तर आक्का शांतपणे भाकरी खात बसली होती.

“आक्का! वेळेत पोचलीस?”

“अर्धा घंटा आदी. माळावरनं टांगा केला अप्पासायबांनी. सोता अनवानी आलं दारापोतर.”

“पेपर?”

“बरा गेला.”

“आणि विमानातून कसं वाटलं? भीती वाटली? ढग लागले? बोल की!”

तिने घास थांबवला. “आपलं गाव दिसलं रं वरनं. लई ल्हान. येवढुसं. आनि त्येवढ्याशा गावातल्या बायका मला एक एक वळखू येत हुत्या. हात हालवत हुत्या समद्या.” मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “परीक्षेच्या बाईंनी इचारलं, कशानं आलात? मी सांगितलं, आगगाडीनं.”

“आगगाडीनं? अगं का?”

“खरं सांगितलं असतं तर पेपर दिला असता व्हय? येड्यांच्या दवाखान्यात धाडलं असतं!”

महिन्याभराने निकाल आला. आक्काची निवड झाली. दोन वर्षं तिने बेळगावात ट्रेनिंग घेतलं आणि पहिल्या पाचांत आली. अप्पासाहेबांनी निपाणीहून अभिनंदनाचं पत्र धाडलं, आणि गावात तिची मिरवणूक निघाली ती भरमूच्या गाडीतून. आता तालुक्यातल्या दोन गावांतून बाप आपल्या मुलींना शाळेत घेऊन येतात आणि म्हणतात, “हिला गुणाबाईगत करा.”

तिची नेमणूक कुठे झाली विचारता? आमच्याच शाळेत! पोरं वाढली म्हणून दुसरी जागा मंजूर झाली होती. मला आनंद झाला. हाताखाली घरचंच माणूस! पण हुकूम नीट वाचला तेव्हा कळलं, की ट्रेनिंग झालेला शिक्षक वरिष्ठ समजावा असा नियम आहे. मी बिनट्रेनिंगचा. म्हणजे आक्का हेडबाई आणि मी तिच्या हाताखाली!

तक्रार नाही हो माझी. शाळा पूर्वीपेक्षा चांगली चालते, हे मीही मान्य करतो. फक्त परवा मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. आक्काने तो वाचला, तांबडी शाई घेतली आणि सगळ्या वर्गासमोर मला परत दिला. रजा मंजूर होती. पण ‘विनंती’तला ‘वि’ मी दीर्घ काढला होता, आणि रजेवर जाण्याआधी तो शब्द पाटीवर दहा वेळा लिहून दाखवावा लागला!